गिरणीवरची खोली

वैशाख लागला की कल्याण पूर्वेला दुकानांबाहेर ताडपत्र्या लटकायला लागतात. निळ्या, काळ्या, आतून एक नि बाहेरून दुसऱ्याच रंगाच्या. मी आता ठाण्यात कोलशेतला मुलाकडे राहते, चौदाव्या मजल्यावर. तिथे ताडपत्रीचं काय काम? तरी परवा चष्म्यासाठी कल्याणला गेलेले, तर पाय आपोआप दुकानाशी थांबले. ताडपत्रीचा कोपरा दोन बोटांत धरून चोळून बघितला, जाडी किती, दोन पावसाळे काढेल की नाही. दुकानदाराने विचारलं, खोली किती बाय कितीची आहे मावशी. मी म्हटलं, खोली नाही रे आता. तो लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याचंही बरोबर आहे, धंद्याच्या दिवसांत म्हातारीशी गप्पा मारत कोण बसणार.

आमची बैठी चाळ होती. नऊ खोल्या, वर सिमेंटचे पत्रे, पलीकडे विहार, विहाराच्या मागे मोकळी जागा. लग्न होऊन मी तिथे आले आणि सव्वीस पावसाळे काढले. दर मे महिन्यात आमचे हे पत्र्यावर चढायचे. फटींना डांबर, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर विटा आणि जुने टायर. मी खाली स्टुलावर उभी राहून सामान द्यायचे आणि सामानाबरोबर सूचना. एकदा ते वरूनच म्हणाले, असं कर, तू वर ये, मी खाली उभा राहून बोलतो. माझ्या जिभेला हाड नाही हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं. बालवाडीत तीस वर्षं पोरं हाकली, तोंड बंद ठेवून चालतं का?

पत्र्याच्या घरात राहिल्याशिवाय स्लॅबची किंमत कळत नाही. दुपारी गादीसुद्धा तापायची. पावसात टीव्ही बघायचा तर तो नुसता बघायचाच, ऐकू काही यायचं नाही. रात्री मांजर चालली तरी वाटायचं, कोणी माणूस फिरतंय. त्यामुळे आमच्यात मुलगी देताना हळूच विचारायचे, घर पत्र्याचं की स्लॅबचं? माझ्या धाकट्या बहिणीला स्लॅबच्या घरात दिली आणि आई सहा महिने तेच सांगत फिरली. मीही दर पावसाळ्यात ह्यांच्या डोक्याशी भुणभुण लावायचे, स्लॅब कधी टाकायचा. ह्यांची कोलशेतची कंपनी बंद पडल्यावर ती भुणभुण मी बंद केली. मनातून काही गेली नाही.

ज्या वैशाखात नेपाळात भूकंप झाला त्याची गोष्ट सांगतेय. चौदा एप्रिलची जयंती होऊन दहा-बारा दिवस झालेले. मंडपाचे बांबू विहारामागे तसेच पडलेले, आम्ही बायका पौर्णिमेच्या खीरदानाची जुळवाजुळव करत होतो. शनिवारची दुपार. कोणीतरी विहारातला टीव्ही लावला आणि आम्ही हातातलं टाकून बघत बसलो. बुद्धाचा देश म्हणून आमच्यातल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. माझ्या मनात मात्र पहिल्यांदा आला तो शेजारच्या सात मजली इमारतीचा वॉचमन.

त्याला सगळे बहादूर म्हणायचे. मीपण. बहादूर, पाण्याचा टँकर आला का? बहादूर, जरा सिलेंडर उचल रे. असं आठ वर्षं. मी गेटवर गेले तर तो उभ्यानेच फोन लावत होता, लागत नव्हता, परत लावत होता. त्याची बायको सरिता जिन्याखाली बसलेली. ती वर्षभरापूर्वीच कल्याणला आलेली, तीन घरची धुणीभांडी करायची. दोन मुलं गावी आजीपाशी होती. रोशन सात वर्षांचा आणि अस्मिता दोनची. चार पैसे साठले की पोरांना इकडे आणायचं, असं दोघांचं ठरलेलं.

दोन दिवस फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी लागला. आई आणि मुलगी वाचलेली. रोशन घरात होता. दगडाचं घर, वर दगडाच्याच पाट्या.

त्याला जायचं होतं म्हणून विहार समितीने एक पत्र लिहून द्यायचं ठरवलं, वाटेत कुणी अडवलं तर दाखवायला. सेक्रेटरीने विचारलं, पूर्ण नाव काय. तेव्हा आम्हाला कळलं, त्याचं नाव बहादूर नाहीच. खरं नाव इथे लिहीत नाही, टेकराज म्हणू. नावं मी सगळ्यांचीच बदलली आहेत. पण त्या दिवशी ते खरं नाव कागदावर उमटताना मी भिंतीकडे बघत उभी होते. मला माझीच लाज वाटली. बालवाडीत येणाऱ्या प्रत्येक पोराचं नाव मी पहिल्या दिवशी पाठ करायचे.

मंडळाने जयंतीच्या सात ताडपत्र्या त्याला दिल्या. आमच्या ह्यांनी विहारामागे बांबू रोवून त्याला दाखवलं, आढ्याची दोरी कशी ताणायची, ताडपत्रीच्या कोपऱ्यात खडा गुंडाळून वरून गाठ कशी मारायची, म्हणजे वाऱ्याने कोपरा फाटत नाही. टेकराजने ती गाठ चार-पाच वेळा मारून बघितली. पोराचं दुःख उरात आणि माणूस गाठ शिकतोय. मला बघवेना, पण तो शिकला, आणि गावात त्याच गाठींवर सात घरं पावसाळाभर उभी राहिली. तो तिथे असतानाच दुसरा मोठा धक्का बसला. आम्ही दिलेल्यांतलं जे खरोखर उपयोगी पडलं ते ह्या ताडपत्र्या आणि ती गाठ, एवढंच. बाकी आम्ही जे केलं ते पुढे सांगते.

वीसेक दिवसांनी तो आईला आणि मुलीला घेऊन आला. पाऊस तोंडावर, गावी घर नाही, आणि सरिता इथे अन्न सोडून बसलेली. पण त्या इमारतीत त्यांची जागा म्हणजे जिन्याखालचा कोनाडा, तिथे दोन माणसं कशीबशी मावायची. सोसायटीने सांगितलं, अजून माणसं नकोत. मग काय, आमचं महिला मंडळ कमरेला पदर खोचून पुढे. मी सगळ्यांत पुढे.

चाळीसमोर एक दुमजली इमारत होती. खाली पिठाची गिरणी, वर दोन खोल्या. गिरणीवाले भोईरकाका गावठाणातले, मनाचे मोकळे. त्यांची वरची एक खोली रिकामी होती. मी जाऊन बोलले तर म्हणाले, राहू दे गो बाय, पावसालाभर राहू दे, मला काही नको. स्लॅबची खोली! मला रात्रभर आनंदाने झोप आली नाही. आम्ही चुना मारला. कुणी पंखा दिला, कुणी गॅसची शेगडी, कुणी गादी. मी माझी जुनी इरकल फाडून खिडकीला पडदे शिवले. कडाप्प्याचा ओटा, खाली भांडी ठेवायला जागा, भिंतीला मांडणी. खोली तयार झाल्यावर मी मधोमध उभी राहिले आणि वर बघितलं. सरळ, पांढरा, गुळगुळीत स्लॅब. ही मला मिळाली असती तर मी नाचले असते.

आमा, म्हणजे टेकराजची आई, वयाने साठीची असेल पण दिसायला ऐंशीची. बुटकी, नाकात फुली, पाठीला फडक्याने अस्मिता बांधलेली. ती पोर तिच्या पाठीवरून उतरलेली मी बघितलीच नाही. जेवताना पाठीवर, बसताना पाठीवर. झोपतानाही आमा कुशीवर झोपायची, पोर बांधलेलीच. खोलीत शिरल्यावर तिने मान वर करून स्लॅबकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मला वाटलं, कौतुकाने बघतेय. मी माझ्या हिंदीत सांगितलं, एकदम पक्का है आमा, सौ साल कुछ नहीं होगा. ती दाराजवळ बसली, उंबऱ्याला टेकून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ती उठली आणि पोरीला घेऊन बाहेर गेली. रस्त्याच्या कडेला एक गुलमोहर होता, फुलं भरपूर, सावली कमी. त्याखाली जाऊन बसली. एक वाजता वर आली. चार वाजता परत खाली, अंधार पडल्यावर परत वर. तिसऱ्या दिवशी तसंच, चौथ्या दिवशी तसंच. मेमधलं ऊन, डांबर वितळतंय, आणि ही बाई पंखा असलेली खोली सोडून रस्त्यावर. शुक्रवारी मात्र दिवसभर घरात बसली, भातसुद्धा तिनेच रांधला. आम्ही म्हटलं, चला, आज तब्येत बरी दिसतेय. शनिवारी पुन्हा गुलमोहराखाली.

बोलणारी तोंडं काही कमी नव्हती. एवढं केलं तरी हिचं नाक वर. डोंगरातली माणसं, त्यांना घरात बसायची सवय नसते. मी सगळ्यांना गप्प करायचे आणि घरी येऊन ह्यांच्यासमोर तेच बोलायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मी इरकल फाडली हो. ह्यांनी एकदा विचारलं, तू तिला विचारलंस का, ती बाहेर का बसते? मी म्हटलं, तिची भाषा येते का मला? ते म्हणाले, भांडायला तुला भाषा लागत नाही, विचारायला बरी लागते.

आणि घरात दुसरंच काही चाललेलं. सरिता सासूशी बोलत नव्हती. ताट वाढून समोर ठेवायची आणि तोंड फिरवायची. माझ्याकडे भांडी घासायला आली की एकच प्रश्न. रोशन किती चपळ होता मावशी, आंब्याच्या झाडावरून उडी मारायचा, कुत्र्याच्या पुढे पळायचा. आमा बाहेर होती, अस्मिता बाहेर होती. मग तो बाहेर का नाही आला? आमा सगळ्यांना एवढंच सांगायची, हाका मारल्या, तो आला नाही. सरिता म्हणायची, असा कसा आला नाही? टेकराजला विचारायची, मला विचारायची, घासताना हातातल्या पातेल्याला विचारायची. मी तिला शहाणपण शिकवायचे, अगं भूकंपात काय सुचतं माणसाला, त्या म्हातारीला दोष देऊ नकोस. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

मग अस्मिताला ताप आला. अंगभर घामोळं, ओठ सुकलेले. आदल्या दिवशी आमालाही भोवळ आलेली, गुलमोहराखालीच आडवी झालेली. सकाळी टेकराज ड्युटीवर, सरिता कामावर. मी दहाच्या सुमाराला दळणाचा डबा घेऊन निघाले तर आमा पोरीला घेऊन जिना उतरत होती. माझं डोकं फिरलं. पोरीला मारतेस का, असं ओरडले. तिचा दंड धरला, वर नेली, खोलीत बसवली, पंखा लावला. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला माहीत होतं, मी वळले की ही उठणार. म्हणून बाहेर पडताना मी दाराला बाहेरून कडी घातली. दहा मिनिटं, दळण घेऊन येईपर्यंत. आमच्याकडे घालतात तशी, पोर रस्त्यावर जाऊ नये म्हणून आया घालतात तशी. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

गिरणीवर रांग होती. भोईरकाकांनी पट्टा चढवला, बटण दाबलं, गिरणी सुरू झाली. माझ्यापुढे चार डबे. बायका विचारत होत्या, तुमच्या नेपाळी मंडळींचं काय. मी सांगत होते, पंखा बसवला, शेगडी दिली, स्लॅबची खोली आहे, अजून काय पाहिजे माणसाला. गिरणीच्या आवाजात ओरडून सांगावं लागत होतं, आणि मी ओरडून सांगत होते. दहा मिनिटांचा पाऊण तास झाला.

वर येऊन कडी काढली. खोलीत कोणी नाही. खिडकीला गज, जाणार कुठे? मग ओट्याखाली लुगडं दिसलं. भांडी बाहेर काढून ठेवलेली आणि त्या बोळकांडीत आमा पालथी पडलेली, गुडघे पोटाशी, दोन्ही कोपर जमिनीवर रोवलेले. तिच्या खाली अस्मिता. पाठीवरची पोर सोडवून तिने पोटाखाली घेतलेली. पोर रडून रडून निजलेली. आमाचे डोळे उघडे होते आणि घामाने जमीन ओली झालेली.

मी तिला हाक मारली, ती हलली नाही. मी ओट्याशी खाली बसले, हात टेकला. तेव्हा तळव्याला कळलं. लादी थरथरत होती. बारीक, सारखी, न थांबता. मांडणीतल्या पेल्याला पेला लागून किणकिण होत होती. खाली गिरणी चालू होती. दहा ते एक, चार ते आठ, शुक्रवार बंद. बावीस वर्षं मी त्या गिरणीत दळण टाकलं, खोलीला चुना मारताना तिथे दिवस दिवस उभी राहिले, आणि मला ती थरथर एकदाही लागली नव्हती. आमच्यातल्या कुणालाच नाही. जमिनीने हलवून सोडलेल्या माणसांना आम्ही हलणारं घर दिलेलं, वर पडदे लावून. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

मी धावत खाली गेले, काकांना गिरणी थांबवायला सांगितली. त्यांना कळेना. कळलं तेव्हा ते पिठाच्या हातांनी तसेच पायरीवर बसले. म्हणाले, मी गिरणी बंद ठेवतो गो. पण बंद किती दिवस ठेवणार? त्यांचंही पोट त्याच्यावरच होतं.

त्या संध्याकाळी आमचे हे जेवता जेवता म्हणाले, आपण जाऊ वरच्या खोलीत, त्यांना येऊ दे इथे. मी म्हटलं, पत्र्याचं घर? भूकंपातून आलेल्या माणसांना पत्र्याखाली ठेवायचं? ते म्हणाले, पत्रा पडला तर डोकं फुटेल, माणूस मरत नाही. आपल्या डोक्यात स्लॅब आहे म्हणून त्यांच्या डोक्यावर कशाला? मला रडू आलं ते आमासाठी की स्वतःसाठी, खरंच माहीत नाही.

दोन दिवसांत बिऱ्हाडांची अदलाबदल केली. त्या वर्षी पत्र्यावर ताडपत्री टाकायला ह्यांच्याबरोबर टेकराज चढला. आमा अंगणात उभी राहून बघत होती. पत्र्याच्या घरात शिरताना तिने हात उंच करून पत्र्याला लावला, हलवून बघितला, आणि सरळ आत जाऊन चूल कुठे मांडायची ते बघायला लागली. पहिला मोठा पाऊस झाला त्या दुपारी मी छत्री घेऊन पळत गेले, म्हटलं हा एवढा आवाज, म्हातारी परत ओट्याखाली गेली असेल. आमा चटईवर घोरत होती. अस्मिता तिच्यापासून हातभर लांब, वेगळी, हातपाय पसरून झोपलेली. पाठीवरून उतरलेली ती पोर मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

आणि मी? मला बावीस वर्षांनी स्लॅब मिळाला. पहिल्या सकाळी दहा वाजले, गिरणी सुरू झाली आणि मी उठून उभी राहिले. आता मला सगळं लागत होतं. चहाच्या कपावर बारीक वळ्या, खाटेच्या पायात, दाताच्या मुळाशी थरथर. हे शांतपणे पेपर वाचायचे आणि म्हणायचे, बस गं, गिरणीच आहे. मी चप्पल घालून खाली जायचे. शुक्रवार सोडले तर चार महिन्यांत एक दिवससुद्धा दहा ते एक मी त्या खोलीत बसू शकले नाही. बायका हसायच्या, बाईला नेपाळची हवा लागली.

माफी मागायची माझ्याकडे रीत नाही. जन्मात ह्यांची कधी मागितली नाही. पण ती कडी मला गिळता येईना. वर्षावास सुरू झालेला, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असायचं, तिथे बसले तरी कानात त्या कडीचा आवाज. एके दुपारी माझ्याच घरी पाहुणीसारखी गेले. आमा तांदूळ निवडत होती. मी समोर बसले, सुपातले थोडे पुढ्यात ओढले, दोघी निवडायला लागलो. मग मान खाली घालूनच म्हटलं, आमा, वो दिन हम बाहर से कडी लगाया. गलती हुआ. बहुत गलती हुआ.

ती निवडत राहिली. तोवर तिलाही मोडकंतोडकं हिंदी येऊ लागलेलं. खडा बाजूला टाकत म्हणाली, "हम भी लगाया था."

मला कळलं नाही.

"रोशन को. बाहर से."

मग तिने सांगितलं, हळूहळू, अर्धं हिंदी, अर्धं हातांनी. शनिवार होता, तिकडे शाळेला सुट्टी. रोशन सारखा दरीकडे पळायचा. तिला गवत कापायला जायचं होतं, एक पोर पाठीवर, दुसऱ्यामागे धावणार कोण? म्हणून त्याला घरात ठेवून दाराला बाहेरून कडी घातली. लांब गेलीच नव्हती, दिसेल एवढ्यावर होती. जमीन हलायला लागली तशी ती धावली. पडली, उठली, धावली. तो आतून दार वाजवत होता. आमा, आमा करत वाजवत होता. तिचा हात कडीला लागला, पण चौकट वाकडी झालेली, कडी निघेना. ती ओढत होती. मग वरच्या पाट्या आल्या.

मी विचारलं, मग त्या दिवशी तू दार का नाही वाजवलंस? मी आले असते, कोणीतरी आलं असतं.

तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. "बजाने से नहीं खुलता," म्हणाली.

तांदूळ निवडून झाले. तिने ते डब्यात भरले. कुणाला सांगू नकोस, असं ती म्हणाली नाही. सांग, असंही म्हणाली नाही. मी बाहेर आले आणि रस्त्यात सरिता भेटली, कामावरून परत येताना. माझ्या हातातली पिशवी घेऊन घरापर्यंत आली. मी तोंडावर बोलणारी बाई, पण त्या दिवशी तिच्याशी भाजीच्या भावावर बोलले.

पावसाळा सरल्यावर टेकराजला खडवलीला एका फार्महाऊसची राखण मिळाली. एक कौलारू खोली, पुढे अंगण. आम्ही आमच्या पत्र्याखाली परत आलो. ते लोक गावी परतलेच नाहीत. अस्मिता तिथल्याच मराठी शाळेत गेली. आमाने अंगणात मका लावला, कोंबड्या पाळल्या, कौलांखाली दहा वर्षं काढली. दारं मात्र त्या घराची कायम उघडी असायची, कुत्री-कोंबड्या आतबाहेर करायच्या. सरिता त्यावरून चिडायची, पण सासूला तसं सांगायची नाही, कारण सासूशी बोलायचीच नाही. सांगायचं असलं की अस्मितामार्फत.

माघात आमा गेली. मला गुडघ्यांनी तेव्हा जाता आलं नाही, वैशाखात गेले. दुपारची कसारा गाडी रिकामी असते. टेकराज कल्याणला सामान आणायला गेलेला. अस्मिता माझ्या खांद्याला लागते आता. तिने चहा टाकला आणि शेळीला पाणी दाखवायला गेली. सरिता अंगणात कांदे पसरत होती. तिचं मराठी आता माझ्या सुनेपेक्षा चांगलं आहे.

कांदे पसरता पसरता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मावशी, आमा तुमच्याशी बोलायची. रोशनबद्दल कधी काही बोलली का?"

अकरा वर्षं झाली, प्रश्न तोच. मी चहाचा कप खाली ठेवला. खरं सांगायचं तर किती सोपं होतं, चार शब्द. पण ती चार शब्द ऐकणार, आणि त्यापुढे रोज रात्री आतून दार वाजवलेलं ऐकणार. आणि आमा तर आता बोलायलाही नव्हती.

"तो झोपलेला," मी म्हणाले. "खेळून दमलेला, गाढ झोपलेला. आमाने हाका मारल्या, पण त्याला जागच आली नाही. मला एवढंच सांगितलेलं."

तिचे हात थांबले. "म्हणजे तो घाबरला नसेल."

"नाही गं. झोपेत कसलं घाबरणं."

तिने मान हलवली. दोन कांदे उचलले, परत ठेवले. माझं खोटं पचलं असं वाटून मी कप उचलला. तेवढ्यात ती म्हणाली, "एवढंच होतं तर मला का नाही सांगितलं तिने? मी तिला एकदाही आमा म्हणून हाक मारली नाही, मावशी. मला वाटायचं, काहीतरी लपवते. काहीच नव्हतं. उगाच एवढी वर्षं."

आणि ती सासूसाठी रडायला लागली. माघात डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं म्हणे, ती आता कांद्यांत बसून आमा, आमा म्हणत मोठ्याने रडली. आवाज ऐकून अस्मिता धावत आली आणि माझ्याकडे बघून विचारायला लागली, काय झालं आजी, आईला काय झालं. मी सरिताच्या पाठीवर हात ठेवून बसले होते.